वेळूखोऱ्याला विचारल्यावाचून

फार पूर्वी सरस्थली नगरीत सुषेण नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच नगरीत एका वैद्याच्या कुळात जन्म घेतला होता आणि पुढे तो राजाचा अमात्य झाला होता. तो बोलायचा थोडे, आणि ज्याचे काम असेल त्याच्या दारी स्वतः जायचा.

राजाला वादविवाद ऐकण्याचा मोठा नाद. दर पौर्णिमेला सभेत दोन आचार्य समोरासमोर बसत. एकाचे नाव विपुल, दुसऱ्याचे धृतव्रत. विपुल म्हणे, "कर्माचे मोल त्याच्या फळावर. ज्याने सर्वांचे मिळून दुःख कमीत कमी होईल ते करावे. मोजताना राजा एक आणि चांभारही एकच; आपला एक, परकाही एकच." धृतव्रत म्हणे, "फळ कितीही गोड असो, काही गोष्टी करायच्याच नसतात. माणूस म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीचे भगदाड बुजवायचा दगड नव्हे."

विपुलाचे मत पोथीतून आलेले नव्हते. तो सात वर्षांचा असताना त्याच्या गावी दुष्काळ पडला होता. कोठारावरच्या अधिकाऱ्याने धान्य ओळखीपाळखीच्यांना दिले. विपुलाच्या दोन बहिणी रांगेत उभ्या राहून राहून दगावल्या. पुढे कळले, की सर्वांना पुरेल एवढे धान्य कोठारात होते. कोणी माणसे मोजलीच नव्हती. तेव्हापासून ओळख, माया, नाते यांवर त्याचा विश्वास उरला नव्हता. संख्या तेवढी कोणाची भीड धरत नाही, असे तो मानी.

एके दिवशी सभेत नावेचा दृष्टांत रंगला होता. नाव बुडते आहे, सहा जण आत आहेत, एकाला ढकलले तर पाच वाचतात. दोघांनीही असे काही युक्तिवाद केले की सभा डोलू लागली. राजाने बोधिसत्त्वाकडे वळून विचारले, "अमात्य, तुझे काय म्हणणे?"

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, दोघेही आचार्य मनापासून बोलतात. पण त्या नावेतल्या माणसांना मी अजून भेटलेलो नाही."

सभा हसली. विपुलही हसला. अमात्याला शास्त्र कळत नाही, असे त्याला वाटले.

त्या वर्षी भाद्रपद सरला तरी पाऊस हटेना. नगरीच्या वर डोंगराच्या कुशीत राजसरोवर होते आणि त्याला मातीचा मोठा बांध होता. एका सकाळी बांधाचा राखणदार पिंगल सभेत आला. त्याच्या हातात मातीचे एक भांडे होते. ते राजापुढे ठेवून तो म्हणाला, "महाराज, बांधाच्या पायथ्याशी पाणी नेहमीच पाझरते. ते निर्मळ असते तोवर भय नाही. आज ते असे येते आहे."

भांड्यातले पाणी गढूळ होते.

"म्हणजे काय?" राजाने विचारले.

"म्हणजे बांध आतून पोखरला जातो आहे. आजचा दिवस निघेल न निघेल. फुटला तर मधोमध फुटेल, आणि खाली नगरी आहे."

नगरीत बारा हजार घरे होती. राजाचा चेहरा उतरला. पिंगल खाली मान घालून पुढे म्हणाला, "एक उपाय आहे. बांधाचा डावा खांदा, म्हणजे डोंगराला टेकलेला भाग, आपण होऊन फोडला, तर पाणी त्या बाजूच्या घळईत उतरेल. बांधावरचा भार हलका होईल आणि नगरी वाचेल. पण घळईत वेळूखोरे आहे."

वेळूखोरे ही बुरुडांची वाडी. बेचाळीस घरे, एकशे अठ्ठ्याऐंशी माणसे. ओढ्यावरचा साकव वाहून गेल्यामुळे आता तिथून बाहेर पडायला डोंगराच्या धारेवरची अवघड वाट तेवढी होती. म्हातारीकोतारी, लेकरेबाळे यांना घेऊन धार चढायची तर दोन प्रहर लागणार.

राजा म्हणाला, "त्यांना सांगावे तर ते कोयते घेऊन खांद्यावर येऊन बसतील. आचार्य, आता बोला. आज दृष्टांत नाही."

विपुल उठून उभा राहिला. तो म्हणाला, "महाराज, एका बाजूला बारा हजार घरे आहेत, दुसऱ्या बाजूला बेचाळीस. कळवल्याने खांदा अडणार असेल तर कळवू नये. हे बोलताना मला सुख होत नाही. पण माझ्या सुखदुःखाने संख्या बदलत नाही."

धृतव्रत म्हणाला, "खांद्याला हात लावू नये. बांध आपोआप फुटला तर ते पाण्याचे करणे. आपण फोडला आणि माणसे मेली तर तो वध. निजलेल्या शेजाऱ्याच्या घरावर पाणी सोडून जगणारी नगरी जगली काय नि न जगली काय."

सभेत कोणी डोलले नाही.

तेव्हा बोधिसत्त्व आसनावरून उठला. "महाराज, आचार्य विपुलांचे म्हणणे खरे असेल, तर ते वेळूखोऱ्यात उभे राहूनही खरे असले पाहिजे. तिथे जाऊन जे तोंडावर सांगता येत नाही, त्यात कुठेतरी कीड आहे. मला जाऊ द्या. मी त्यांना सारे सांगतो आणि धारेवर आणतो. पाझराची धार मांडीएवढी जाड झाली, की पिंगलने तीनदा शंख फुंकावा आणि शंभर श्वासांनंतर खांदा फोडावा. माझ्यासाठी थांबू नये."

राजा कळवळून म्हणाला, "तू खाली असताना मी खांदा फोडायला सांगू?"

"महाराज, मी खाली नसताना जो फोडता येतो, तो मी असतानाही फोडता आला पाहिजे."

बोधिसत्त्व धृतव्रताकडे वळला. "आचार्य, आपण वचन मोडत नाही, हे सारे जाणतात. शंख वाजण्याआधी खांद्यावर कुदळ पडणार नाही, असे आपल्या नावाने त्यांना सांगू का?"

धृतव्रत म्हणाला, "शंखानंतर जे होईल त्यात माझा हात असणार नाही. शंखाआधी कोणाचाच हात पडणार नाही. सांग जा."

"आणि आचार्य विपुल, आपण माझ्याबरोबर चला. हिशेब आपला आहे. तो त्यांनी आपल्याच तोंडून ऐकावा."

विपुलाला नाही म्हणता आले असते. पण आपला हिशेब आपल्यालाच सांगता येत नसेल तर तो कसला हिशेब, असे त्याच्या मनात आले आणि तो निघाला.

धार उतरताना त्याचे पाय चिखलात घसरत होते. त्याने मनात वाक्ये जुळवली, पुन्हा मोडली. खाली वाडीत पोचले तेव्हा एका छपराखाली बायका सुपे विणत बसल्या होत्या आणि ओल्या बांबूचा वास सुटला होता. वाडीची वडीलधारी मालुका नावाची एक वृद्धा होती. तिचा नवरा दर्भक याचे अर्धे अंग वाऱ्याने गेलेले होते. तो आत बाजेवर पडून असे. तिचा मुलगा रोहक वाडीतला सर्वांत धिप्पाड माणूस होता.

लोक जमले. बोधिसत्त्वाने काही न लपवता सांगितले: बांधाची अवस्था, शंखाची खूण, शंभर श्वास. मग विपुलाने आपले म्हणणे सांगितले. सभेत जे चार वाक्यांत सांगून झाले होते, ते इथे सांगायला त्याला फार वेळ लागला. बोलताना एका बाईच्या कडेवरचे मूल त्याच्या उपरण्याचे टोक धरून ओढत होते.

रोहकाने कोयता उचलला. "चला रे! खांद्यावर जाऊन बसू. घालू दे त्यांना आमच्या पाठीत कुदळी."

बोधिसत्त्व वाटेतून बाजूला झाला. "जायचे तर जा. मी अडवणार नाही. जे मला ठाऊक होते ते तुम्हालाही ठाऊक व्हावे, एवढ्यासाठी मी आलो."

वाट मोकळी बघून रोहकच थबकला. मालुका म्हणाली, "थांब रे. मला या आचार्यबाबांना एक विचारू दे." ती विपुलाजवळ आली. "बाबा, तुझ्या मोजणीत सगळी माणसे सारखी?"

"सारखी, माते."

"मग नगरीत बेचाळीस घरे असती आणि आम्ही बारा हजार असतो, तर तू राजाला सांगितले असतेस का, की नगरी बुडव म्हणून?"

"सांगितले असते," विपुल म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता.

"आणि राजाने ऐकले असते?"

आजवर आपले बोलणे सभेत मानले गेले ते खरे म्हणून, असे विपुल समजत आला होता. ते सिंहासनाला सोयीचे होते म्हणूनही मानले गेले असेल, हे त्याच्या मनाला प्रथमच शिवले. कोठारावरच्या त्या अधिकाऱ्याचा चेहरा त्याला कितीतरी वर्षांनी आठवला.

"ऐकले नसते, माते," तो म्हणाला.

"तुझी मोजणी खोटी नाही, बाबा. आम्हीही मोजतो. पण तुमची मोजणी नेहमी वरून खालीच वाहते. बांध घातला तेव्हा हा खांदा घळईकडे का ठेवला, ते आम्हाला कळत नाही असे वाटले? तेव्हा कोणी विचारायला आले असते, तर आम्ही म्हटले असते, धारेवर जागा द्या, आम्ही वर राहतो. नगरीत आमच्या लेकी दिलेल्या आहेत. ती बुडावी असे कोणाला वाटेल?"

बोधिसत्त्वाने हात जोडले. "माते, हा आमचा दोष आहे. राजा जागा देईल असे वचन मला देता येत नाही. ते माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढेच आहे, की ती मिळेपर्यंत तुम्ही जिथे राहाल तिथे मी राहीन."

मालुका लोकांकडे वळून म्हणाली, "बांबू तोडा. डोल्या बांधा. लेकरे आधी."

बुरुडांचे हात चालू लागले. पाहता पाहता दहा-बारा डोल्या तयार झाल्या. रोहकाने कोयता बांबूवर चालवला आणि मग दोन दोन मुले खांद्यावर घेऊन धार चढू लागला. विपुलाने जन्मात ओझे उचलले नव्हते. त्याने एका आंधळ्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला वर नेले, पुन्हा खाली येऊन एका बाळंतिणीच्या डोलीला खांदा दिला. खांदा सोलवटला. दर्भक प्रत्येक खेपेला म्हणे, "मला मागाहून न्या. मी कुठे पळतो आहे?"

तिसरा प्रहर उलटत होता. वाडी रिकामी झाली. विपुल धारेवर उभा राहून माणसे मोजू लागला. एकशे सत्त्याऐंशी भरली. त्याने पुन्हा मोजले. दर्भक नव्हता. बोधिसत्त्व त्याला आणायला शेवटच्या खेपेला एकटाच खाली गेला होता.

तेवढ्यात बांधावरून शंख ऐकू आला. एकदा, दोनदा, तीनदा.

विपुल नकळत श्वास मोजू लागला. तीस झाले तेव्हा वाडीच्या तोंडाशी बोधिसत्त्व दिसला. दर्भक त्याच्या पाठीवर होता. साठ झाले तेव्हा ते चढणीला लागले. चिखलात त्याचा पाय घसरला, तो गुडघ्यावर आला, पुन्हा उठला. विपुलाला वाटले, हा आकडा इथेच थांबावा. आयुष्यात प्रथमच त्याला मोजणे नकोसे झाले. तो आणि रोहक दोघेही खाली धावत सुटले. शंभर झाले. घळईच्या वरच्या अंगाने आधी गार वारा आला आणि मग पाणी आले.

पाण्याने बोधिसत्त्वाला चढणीच्या पायथ्याकडे फेकले. तिथे बांबूचे एक बेट होते, त्यात तो अडकला. रोहक कमरेएवढ्या पाण्यात उतरला, विपुलाने त्याचा एक हात धरला आणि दुसऱ्या हाताने झाडाचे मूळ. दोघांनी मिळून बोधिसत्त्वाला बाहेर ओढले. तो एकटाच होता. त्याच्या मुठीत दर्भकाच्या पांघरुणाचा फाटका तुकडा होता.

धारेवर आल्यावर बोधिसत्त्व सरळ मालुकाकडे गेला. कोणी काही बोलण्याआधी तो म्हणाला, "माते, मी त्यांना पाठीवर घेतले होते. पाणी आले आणि माझा हात सुटला."

मालुकाने विचारले, "काही बोलले का ते?"

"म्हणाले, मला खाली ठेव बाबा, तू जा. मी ठेवले नाही. हात सुटला."

"ठेवले नाहीस ना?"

"नाही."

ती म्हणाली, "मग बैस इथे." तो तिच्याजवळ खाली बसला. तिने तो तुकडा त्याच्या मुठीतून सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग ती रडली.

नगरी वाचली. पाणी उतरल्यावर कळले, की दुपारी नगरातले काही धनिक घाबरून कुदळी घेऊन बांधावर गेले होते. धृतव्रत खांद्यावर मांडी घालून बसला होता. त्यांनी त्याला ढकलले, कोणी दगड मारला, त्याचे कपाळ फुटले. पण तो उठला नाही. शंखाआधी एकही कुदळ पडली नाही. पडली असती, तर वाडीतली निम्मी माणसे चढणीवरच पाण्यात सापडली असती.

तिसऱ्या दिवशी राजाने उत्सव करायचे ठरवले आणि अमात्याला बोलावणे धाडले. निरोप आला, "मी वेळूखोऱ्याच्या लोकांबरोबर धारेवर आहे. येथून उठण्याजोगे अजून काही झालेले नाही." तेव्हा राजा स्वतः दोन्ही आचार्यांना घेऊन धार चढून गेला. तिथे चटया बांधून केलेल्या आडोशात बोधिसत्त्व बसला होता. राजाही चटईवर बसला.

धृतव्रत कपाळावरची पट्टी सावरत म्हणाला, "अमात्य, तू खिन्न दिसतोस. तुझा संकल्प शुद्ध होता. तू त्या वृद्धाला मारले नाहीस. तुला दोष नाही."

राजा म्हणाला, "आणि आचार्य विपुलांच्या मताने पाहिले, तर एका जिवाच्या मोलाने सारी नगरी वाचली. याहून चांगला हिशेब कोणता?"

बोधिसत्त्व म्हणाला, "आपण दोघेही मला सोडवू पाहता, ही आपली माया आहे. पण मला यातून सुटायचे नाही, महाराज. जे करायला हवे होते ते केले, असे मलाही वाटते. तरी एक माणूस माझ्या हातातून गेला, आणि आपल्या सुरक्षित घरांचा भार त्याच्यावर पडला. हे दुःख युक्तिवादाने पुसून टाकले, तर पुढच्या वेळी मी खाली न जाताच निर्णय देईन."

राजाने विपुलाकडे पाहिले. विपुल म्हणाला, "महाराज, मोजू नये असे मी आजही म्हणणार नाही. न मोजल्याने माणसे मरतात, हे मी लहानपणी पाहिले आहे. पण ज्याच्या वाट्याला उणे येणार, त्याच्या दारात बसून मोजावे. सभेत बसून मी बेचाळीस घरे म्हटले. त्यात दर्भक नावाचा एक माणूस होता, जो प्रत्येक खेपेला मला मागाहून न्या म्हणत होता. तो माझ्या हिशेबात होता आणि मला तो ठाऊक नव्हता. उत्सव करू नये, एवढीच माझी विनंती आहे."

राजाने उत्सव मोडला. त्याने धारेवरची सपाट जमीन वेळूखोऱ्याच्या लोकांना दिली आणि बांधाला डोंगराच्या दुसऱ्या अंगाने, जिथे कोणाची वस्ती नव्हती तिथे, जादा पाणी वाहून जायला दगडी सांडवा बांधायला घेतला. तो पुरा व्हायला एक वर्ष आणि चार महिने लागले. तोवर बोधिसत्त्व धारेवरच राहिला. राजाची कामे घेऊन येणारे तिथे चढून येत. विपुलही अधूनमधून येई, आणि मालुका त्याला सूप विणायला बसवी. ते त्याला कधीच नीट जमले नाही.

ही पूर्वजन्मीची कथा भगवान शास्त्यांनी विहारात दोन भिक्षूंमुळे सांगितली. वल्लिक आणि उग्रसेन हे ते दोघे. आजाऱ्याची सेवा तिच्या फळासाठी करावी की केवळ कर्तव्य म्हणून करावी, यावर त्यांचा तीन दिवस वाद चालला होता. शेजारच्या खोलीत एक वृद्ध स्थविर तापाने पडले होते आणि त्यांच्या उशाशी असलेला पाण्याचा घडा त्या तीन दिवसांत कोणी भरला नव्हता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा आचार्य विपुल म्हणजे आजचा वल्लिक. धृतव्रत म्हणजे उग्रसेन. राजा सुषेण म्हणजे हा विहार बांधून देणारा उपासक. मालुका म्हणजे भिक्षुणी चंपा, आणि रोहक म्हणजे आपल्याला रोज भिक्षा घालणारा तो कुंभार. दर्भक म्हणजे शेजारच्या खोलीतले स्थविर. आणि तो अमात्य मीच होतो."

वल्लिक आणि उग्रसेन उठले. एकाने घडा घेतला, दुसऱ्याने ओले वस्त्र. शास्त्यांनी त्यांना थांबवले नाही. ते दाराबाहेर पडल्यावर उरलेल्या भिक्षूंना ते म्हणाले, "धर्म कशात आहे याचा विचार जरूर करावा, त्यावाचून करुणा आंधळी होते. पण ज्याच्याविषयी विचार चालला आहे, त्याच्या शेजारी जाऊन बसावे आणि त्याच्या वाट्याचे थोडे आपल्या अंगावर घ्यावे. या गुणाला समानात्मता म्हणतात."